नाव कुठे ठेवायचं

डिसेंबर. इसाफ्योर्दुरच्या धक्क्यावर मासळी-संशोधनाची कचेरी.
सूर्य डोंगरामागेच राहतो; पंचवीस जानेवारीपर्यंत
त्याची वाट बघायची नाही, हे इथे लहानपणीच शिकवतात.
माझ्यासमोर डबीत कॉड माशांच्या कानातले दगड,
पावट्याच्या दाण्याएवढे.
कापले की आत वर्षांची वलयं.
ती मोजायचं फंक्शन मी लिहिलं.

फंक्शनच्या आत लिहिलं: वय, बाण, सात.
ते चाललं, संपलं.
बाहेर येऊन विचारलं, वय?
या नावाचं काही सापडलं नाही.

असंच असतं. फंक्शनला हाक मारली की
त्याच्यापुरती एक खोली उभी राहते;
आर तिला एन्व्हायर्नमेंट म्हणते.
काम झालं की खोली नाही, भिंती नाहीत,
सात नाही.
वाचायला मोकळीक आहे. इथे नसेल तर बाहेरच्या खोलीत बघ,
तिथे नसेल तर तिच्या बाहेरच्या,
शेवटी एक रिकामी, जिच्या बाहेर काहीच नाही.
लिहिणं मात्र आपल्याच पाटीवर.

आणि बाहेर म्हणजे कुठे? जिथून हाक आली तिथे नव्हे,
फंक्शन जिथे जन्मलं तिथे.
माझे बाबा चाळीस वर्षं ग्रिम्सबीच्या बंदरात मासे उतरवत,
पण वारा कुठला असं विचारलं
की आमच्या खाडीच्या तोंडाकडून दिशा मोजत.

मग मी दुहेरी बाण वापरला.
तो आपली खोली सोडून निघतो,
दारोदार विचारतो, 'वय' आहे का 'वय'?
पहिल्या ज्या घरात सापडेल
तिथलं जुनं पुसून आपलं ठेवतो.
कुठेच नसेल तर चव्हाट्यावर टाकून येतो.
आम्ही दोघं एकाच मशीनवर;
चव्हाट्यावर माग्नीचं 'वय' होतं,
तीन हिवाळ्यांचं, आठशे बारा मासे.
त्या जागी माझा एकटा सात.
माग्नी बोलला नाही. कॉफी ओतली,
माझ्या कपात नाही.

नाव ठेवणं सोपं. नावं ठेवणं त्याहून सोपं,
दिवसभर मी स्वतःला ठेवली.
अडलं ते कुठे ठेवायचं यापाशी.

रात्री नवं फंक्शन लिहिलं, चार ओळींचं.
नाव द्या, अवतरणात. किंमत द्या. खोली द्या.
खोली सांगितली नाही तर ते थांबतं,
अंदाज करत नाही. मीच तसं लिहिलंय.

असा पत्ता मी आधी एकदाच लिहिला होता,
नोंदणीच्या अर्जावर.
आमच्याकडे बापाचं नाव मुलाला लागतं,
एका पिढीपुरतं, मग गळून पडतं.
मी स्टाइनग्रिम्सदोत्तिर, स्टाइनग्रीमुरची मुलगी,
त्याच्या वडिलांचं माझ्यात काही नाही.
ज्याचं नाव लागायचं तो तेव्हा ऑलबोर्गला होता,
अजून आहे.
कारकुनाने पेन टेकवलंच होतं, मी म्हटलं, थांबा.
आणि लिहिलं: उग्गी हाल्बेरूसोन.
उग्गी म्हणजे माशाचा पर. हाल्बेरा म्हणजे मी.
बाबांनी कागद दिव्याजवळ नेऊन दोनदा वाचला.
म्हणाले, "बरं. म्हणजे माझं इथपर्यंतच."

सकाळी माग्नीने खोल्या उघडून बघितल्या.
त्याच्यात त्याचं वय, आठशे बारा. माझ्यात माझं.
"आता कॉफी?" म्हणाला. म्हटलं, अर्धा कप.

संध्याकाळी उग्गी दगडांची डबी हलवत होता.
"आजोबांचं नाव माझ्यात कुठेय?"
तुझ्यात नाही, मी म्हटलं. माझ्यात आहे.
तुला वाचता येईल.
त्याने एक दगड दिव्यासमोर धरला, वलयं मोजायला लागला,
अकराला चुकला,
पुन्हा एकपासून.